खांबाजवळची जागा

कोसाड, सुरत
१२ नोव्हेंबर १९९८

चि. चंचल,

तुझं पत्र पोचलं. अक्षर फार सुंदर आहे. इतकं सुंदर, की दुसऱ्या कोणाचं पत्र चुकून माझ्या दारात पडलं असं वाटलं. खाली "लिहून घेणारी : नीलम" असं वाचलं तेव्हा उलगडा झाला. तू सांगायचं, त्यांनी लिहायचं. मी लिहायचं, त्यांनी तुला वाचून दाखवायचं. म्हणजे नीलमताई, हे पत्र आधी तुमच्याच हातात पडणार. तुम्हाला नमस्कार. तुम्ही मध्ये बसला आहात हे धरूनच लिहिते.

चंचल, पुण्याला तुमच्या केंद्रात थंडी असेल. शाल पेटीत खालच्या बाजूला आहे. बिबड्यांचे पापड एकटीने खाऊ नकोस आणि सगळे वाटूनही टाकू नकोस.

माझं नेहमीचंच. पर्वत पाटियाच्या मार्केटातला शेठ साड्यांचे गठ्ठे पाठवतो, मी धागे कापते. संध्याकाळी पेपर वाचते, मोठ्याने. परवा सोनाबाई दारातून म्हणाली, "मंगलाबाई, कोणाला वाचून दाखवता? चंचल तर पुण्याला." मी म्हटलं, भिंतीला. भिंत तरी मध्ये मध्ये विचारत नाही, "माय, फोटोत काय आहे?"

तू विचारायचीस म्हणून तर मी वाचायला शिकले. तुझे आप्पा होते तोवर पेपर वाचणं त्यांचं काम. ते गेले तेव्हा मला दुसरीपुरती अक्षरं येत होती. मग मी फोटोखालच्या ओळीपासून सुरुवात केली. वर पूर दिसला की खाली पुराचंच काही लिहिलेलं असणार. वर हार घातलेला माणूस दिसला की खाली सत्कार. चित्राने शब्द सांगितला, शब्दाने पुढचा शब्द. नीलमताई शाळेत शिकल्या असतील. मी तुझ्यासाठी शिकले.

भिंतीवरचा फोटो नेलास. तिथे आता पांढरा चौकोन दिसतो. फोटो पेटीतच असू दे, कोणाला दाखवत बसू नकोस. काच फुटेल.

तुझी माय


पुणे
२४ नोव्हेंबर १९९८

माय,

पाया पडते.

तू भिंतीला पेपर वाचून दाखवतेस हे ऐकून मी हसले आणि नीलमताईसुद्धा. त्या म्हणाल्या, "तुझी आई मला टोमणे मारते, पण छान मारते." हे त्यांना लिहायचं नव्हतं, मीच लिहायला लावलं.

आता नीलमताई शिकवतात त्या कॉम्प्युटरचं सांगते. पडद्यावर जे लिहिलेलं असतं ते तो मोठ्याने वाचतो. इंग्रजीच येतं त्याला. मराठी आम्ही इंग्रजी अक्षरांत लिहितो, मग तो गोऱ्या साहेबासारखं वाचतो. तुझं नाव घेतो तेव्हा तोंडात गरम बटाटा आहे असं वाटतं. बटणं दाबून मी एकटी सगळं वाचू शकते, माय. कोणाला हाक मारावी लागत नाही.

पण चित्र आलं की तो नुसता "ग्राफिक" म्हणतो आणि पुढे जातो. बाग आली, ग्राफिक. हत्ती आला, ग्राफिक. हत्ती होता हे मला नीलमताईंनी सांगितलं. तुला शब्द अडला की तू चित्र बघून सांगायचीस. त्याला शब्द अडत नाही, चित्रच अडतं.

त्यावर उपाय आहे. चित्राच्या मागे एक वर्णन लिहून ठेवायचं. डोळस माणसाला ते दिसत नाही, पण मशीन तिथे आलं की "ग्राफिक" म्हणून ते वर्णन वाचतं. मग चित्राखालची ओळ वाचतं. ती ओळ सगळ्यांसाठी असते. ३१ जानेवारीला केंद्राचा कार्यक्रम आहे, बाहेरचे खूप लोक येणार. त्यासाठी आम्ही कॉम्प्युटरवर अल्बम करतोय. प्रत्येक मुलीचा एक फोटो, मागे वर्णन, खाली ओळ. ओळ ज्या मुलीचा फोटो तिने लिहायची. वर्णन नीलमताई लिहिणार, कारण त्यांना दिसतं.

मी आपलाच फोटो देणार. आप्पांचा दुसरा आहे कुठे?

नीलमताई खोलीत येताना दारावर टिचक्या मारतात. आप्पा पाळीवरून येताना गल्लीच्या तोंडाशी डबा वाजवायचे ना, टक टक... टक, तसं नाही. पण रोज आठवण येते.

तुझी चंचल


कोसाड
३ डिसेंबर १९९८

चि. चंचल,

म्हणजे एवढं महागाचं मशीन, आणि हत्ती दिसत नाही! शेवटी माणूसच लागलं ना सांगायला. मग माणूस आहे की. मी आहे.

आपल्या फोटोचं वर्णन नीलमताईंनी लिहायची गरज नाही. फोटोही मशीनला द्यायची गरज नाही, काचेतून काढताना फाटेल. वर्णन मी इथूनच पाठवते, तेच घाला : "खुर्चीवर आई. मांडीवर तीन वर्षांची चंचल. मागे खांबाजवळ तिचे वडील शालिग्राम उभे, हात चंचलच्या खांद्यावर." झालं. आठ वर्षं मी तुझं बोट धरून काचेवर ठेवत आले, तू रोज झोपताना तिथे बोट ठेवायचीस. त्याहून जास्त कोणाला काय दिसणार?

आणि दारावर टिचक्या मारायला डबा लागत नाही, हे मला माहीत आहे. पण सगळ्यांनी सगळंच करू नये. काही गोष्टी ज्याच्या त्याच्याकडे राहू द्याव्यात. नीलमताई, हे तुम्हाला आहे. वाचताना गाळू नका.

माय


पुणे
१५ डिसेंबर १९९८

श्रीमती मंगलाबाई यांना सप्रेम जयभीम.

हे पत्र मी एकटीने लिहिते आहे, चंचलला माहीत नाही. कोणाच्या पाठीमागे लिहायची मला सवय नाही. माफ करा.

तुमचं पत्र यायच्या दोन दिवस आधी चंचलने फोटो माझ्या हातात दिला. तिने स्वतः काचेवर बोट ठेवून मला दाखवलं, "इथे आप्पा आहेत." मी पाहिलं. मावशी, तिथे कोणी नाही. तिथे स्टुडिओच्या मागच्या पडद्यावर रंगवलेला खांब आहे. फोटोत तुम्ही आहात आणि लहानगी चंचल आहे. बस.

तिने विचारलं, "ताई, आप्पा कसे दिसतात? माझ्यासारखे?" मी म्हटलं, लाईट गेली, उद्या बघू. लाईट गेली नव्हती. पंखा चालू होता, आणि ती पंख्याखालीच बसली होती.

मुलींना मी पहिल्या दिवशी सांगते, की वर्णनात जे दिसतं तेवढंच लिहायचं, मनाचं घालायचं नाही. कारण आमच्या डोळ्यांवर त्यांचा विश्वास असतो. एकदा खोटं सापडलं की मग हत्तीसुद्धा खोटा. मी एकदा खोटं बोलले आहे, पुन्हा बोलणार नाही. पण खरं तुमच्या आधी मी सांगणं हेही बरोबर नाही.

फोटोखालची ओळ तिने लिहून ठेवली आहे, "माझी माय, आप्पा आणि मी." कार्यक्रमाला येणारे दीडशे डोळस लोक ती ओळ वाचतील आणि वर फोटोकडे बघतील. ते काय म्हणतील ते तिच्या कानावर पडेल. तिचे कान कसे आहेत ते तुम्हाला मी सांगायला नको.

काय करू ते कळवा.

नीलम


कोसाड
२२ डिसेंबर १९९८

नीलम,

ताई म्हणत नाही. तू माझ्याहून लहानच असशील.

मी सांगितलं ते वर्णन घाल. खाली ओळ नको असेल तर तिला सांग, मशीन बिघडलं. फोटो लोकांना दाखवू नकोस. लाईट गेली म्हणता आलं, तर हेही म्हणता येईल.

तुला डोळे आहेत, अक्षर आहे, इंग्रजी आहे, आणि माझी पोर दिवसभर तुझ्या शेजारी बसते. मला काय राहिलं? संध्याकाळचा पेपर आणि तो फोटो. पेपर मशीनने घेतला. फोटो तू घेतलास. आता ती मला विचारणार नाही, "माय, फोटोत काय आहे?" तुला विचारेल. आणि तू खरं सांगशील, म्हणून ती तुझ्यावर जास्त विश्वास ठेवेल. खरं बोलायला तुझं काय जातं? तुझा नवरा गेला नाही त्या फोटोतून.

उत्तर देऊ नकोस.

मंगला


पुणे
६ जानेवारी १९९९

माय,

हे पत्र माझ्या खोलीतली तारा लिहिते आहे. तिला थोडं दिसतं, म्हणून अक्षरं मोठी आहेत. नीलमताईंना लिहायला सांगितलं नाही, कारण त्या माझ्याशी नीट बोलत नाहीत.

सगळ्यांचे फोटो झाले. ताराच्या फोटोचं वर्णन आहे, तिची बकरीसुद्धा त्यात आहे. माझ्या फोटोवर मी बटणाने येते तेव्हा मशीन म्हणतं "ग्राफिक, स्कॅन झिरो सेव्हन". बस. म्हणजे नुसता नंबर. रोज सकाळी जाऊन बघते. रोज झिरो सेव्हन. आप्पांचं नाव झिरो सेव्हन नाही.

तू पाठवलेलं वर्णन तरी घाला म्हटलं, तर ताई म्हणतात, "तुझ्या मायच्या पत्राची वाट बघू." तू त्यांना काही लागेल असं लिहिलंस का? तू टोमणे मारतेस ते त्या हसून घेतात, पण तू खरंच रागावलीस की तुझं अक्षर कागदाच्या पाठीमागून हाताला लागतं. डिसेंबरात तुझं एक पाकीट आलं होतं. ताईंनी टेबलावर ठेवलं, मी हात लावून बघितलं. माझ्यासाठी नव्हतं म्हणाल्या. मग कोणासाठी, माय? तुझं पुण्यात दुसरं कोण आहे?

तुमचं भांडण मिटवा. मला ३१ तारखेला आप्पा तिथे हवे आहेत.

चंचल


कोसाड
१४ जानेवारी १९९९

नीलम,

आज इथे उत्तरायण. सगळी कॉलनी पतंग उडवायला गच्चीवर आहे, म्हणून खाली शांत आहे. चंचलचं पत्र चार वेळा वाचलं. तू गप्प राहिलीस. मी तुला तसं लिहिल्यावरही माझ्याआधी तिला सांगितलं नाहीस. मी तुझ्या जागी असते तर सांगितलं असतं, आणि वर माझ्या पत्रातल्या ओळीही वाचून दाखवल्या असत्या. म्हणून आता मला तुझ्याकडेच यावं लागतं.

इथून पुढचं चंचलला वाच. ताराला सांगू नकोस, तूच वाच. तुझा आवाज मी कधी ऐकलेला नाही. आज तो माझा आहे असं समजून वाच. हळू.

चंचल, नीलमशी माझं भांडण मीच काढलं, तिने नाही. त्या फोटोत तुझे आप्पा दिसत नाहीत. मी खोटं बोलले. तू जिथे बोट ठेवत होतीस तिथे रंगवलेला खांब आहे.

ते गेले त्याला महिना झाला होता. कारखान्याच्या पासवर त्यांचा एक फोटो होता, तो पास कारखान्याने जमा करून घेतला. भिंतीवर हार घालायला फोटोच नव्हता. तू हा फोटो मांडीवर घेऊन विचारलंस, "माय, यात आप्पा कुठे?" मला नाही म्हणता आलं नाही. मी तुझं बोट धरलं आणि खांबाजवळ ठेवलं. एकदा ठेवलं, मग रोज ठेवावं लागलं.

पण ती जागा मी उगाच नाही निवडली. आता ऐक.

स्टेशनजवळच्या स्टुडिओत आपण तिघं गेलो होतो. आप्पा दिवसपाळी सुटल्यावर तसेच आले होते, हातात डबा. मालकाने रात्रीच्या पाळीलाही बोलावलं होतं, मध्ये दीड तास होता. फोटोवाल्याने मला खुर्चीवर बसवलं, तुला माझ्या मांडीवर दिलं, आणि आप्पांना मागे उभं केलं. नेमकं त्या खांबाजवळ. हात तुझ्या खांद्यावर होता. तेवढं खोटं नाही.

तू काही केल्या समोर तोंड करेनास. फोटोवाला गुजरातीत ओरडायचा, "बेबी, अहीं जो, अहीं जो!" मी म्हणायची, "चंचल, समोर बघ," की तू माझ्या आवाजाकडे वळून माझ्या पदरात तोंड खुपसायचीस. फोटोवाला वैतागला. आप्पा त्याला म्हणाले, "वो देखती नहीं भाई, सुनती है." आणि ते खांबाजवळून निघाले, चालत कॅमेऱ्याच्या मागे गेले, आणि त्यांनी डबा वाजवला.

नीलम, इथे थांब. टेबलावर बोटाने वाजव. दोन जवळ जवळ, मग थोडं थांबून एक. मग पुढे वाच.

तू झटकन समोर वळलीस आणि हसलीस. तेव्हाच फोटोवाल्याने फोटो काढला. तिघांचा दुसरा काढू म्हणाला, पण पाळीची वेळ झाली होती. आप्पा म्हणाले, पुढच्या वेळी. पुढची वेळ राहून गेली.

म्हणून ते फोटोत नाहीत. पण तू ज्याच्याकडे बघून हसते आहेस तो माणूस तेच आहेत.

फोटोत मी हसत नाही. नीलमला दिसलंच असेल. मी दिवसभर तुला घेऊन असायची, भरवायची, निजवायची, आणि तू माझ्या हाकेने पदरात लपायचीस. त्यांनी डबा वाजवला की हसायचीस. मला तेव्हा त्यांचाही हेवा वाटला होता. जिवंत माणसाचा हेवा करून घेतला, आता काय करू त्याचं. ही गोष्ट तुला सांगितली असती तर फोटो त्यांचा झाला असता. खोटं सांगितलं, तर रोज तुझं बोट मला धरायला मिळायचं.

आता वर्णन जे दिसतं ते घाला. खालची ओळ तुझी आहे, तूच ठरव. माझ्यावर रागावलीस तर ते नीलमला लिहायला सांग. तिचं अक्षर चांगलं आहे, वाचायला सोपं जाईल.

तुझी माय


पुणे
२ फेब्रुवारी १९९९

मंगलामावशी,

पत्र मी २१ तारखेला वाचलं. दार लावून, तुम्ही म्हणालात तसं हळू. खांबाचं ऐकलं तेव्हा तिने हातातला फोटो उलटा करून मांडीवर ठेवला. पुढचं ती मान खाली घालून ऐकत होती. मग टेबलावर मी वाजवलं. दोन, आणि थांबून एक.

मावशी, तिने झटकन तोंड वर केलं. माझ्याकडे. मी तो चेहरा आधी पाहिलेला होता. फोटोतलाच, फक्त वीस वर्षांचा. मला पुढचं वाचता येईना. मग तीच म्हणाली, "ताई, लाईट गेली का?" आणि आम्ही दोघी रडता रडता हसलो. पंख्याचं तिला त्या दिवसापासून माहीत होतं.

दोन दिवस ती कॉम्प्युटरकडे फिरकली नाही. तुमच्यावर रागावली होती, हे लपवत नाही. तिसऱ्या दिवशी येऊन म्हणाली, "वर्णन लिहा. मनाचं घालू नका." मी लिहिलं ते असं :

"रंगवलेल्या खांबासमोर खुर्चीवर एक तरुण बाई बसली आहे. तिच्या मांडीवर तीन वर्षांची मुलगी आहे. मुलगी समोर तोंड करून हसते आहे. बाई हसत नाही. तिने मुलीला दोन्ही हातांनी घट्ट धरलं आहे."

शेवटचं वाक्य तिने मला तीनदा वाचायला लावलं. "हे खरंच दिसतं, की तुम्ही घातलं?" मी म्हटलं, दिसतं. बोटं रुतली आहेत फ्रॉकमध्ये. मग तिने आपली जुनी ओळ पुसली आणि नवी लिहिली, स्वतः बटणं दाबून :

"माय, मी, आणि कॅमेऱ्याच्या मागे डबा वाजवणारे आप्पा."

३१ तारखेला लोक त्या फोटोसमोर सगळ्यात जास्त वेळ थांबले. वाचायचे, फोटो बघायचे, आणि मग स्वतःच्याही नकळत मागे वळून बघायचे.

तिने सांगितलंय, "मायला लिहा, राग आहे. पण बिबड्या संपल्यात."

तुमची
नीलम


कोसाड
१० फेब्रुवारी १९९९

नीलम आणि चंचल,

बिबड्या वेगळ्या पार्सलने पाठवल्या. अर्ध्या नीलमच्या. मोजून घ्या, चंचल वाटणीत लबाडी करते.

राग असू दे, चंचल. राग आला तर तो घेऊन घरी ये, पत्रात पाठवू नकोस.

नीलम, तुझं पत्र वाचलं. तू लिहितेस, झटकन तोंड वर केलं, आणि तो चेहरा तू पाहिलास. तो चेहरा आजवर समोरून तिघांनी पाहिला. शालिग्रामने, त्या फोटोवाल्याने, आणि तू. मी तिला मांडीवर घेऊन बसले होते. मला तिचा फक्त एक कान दिसत होता. गल्लीत ते डबा वाजवायचे तेव्हाही ती दाराकडे पळायची आणि मी चुलीपाशी असायची. मला पाठ दिसायची. मी जे पाहिलं ते फोटोत, कागदावर.

मला तुझा हेवा वाटतो. आधी वाटायचा तो लपवून टोमण्यात घालत होते. हा उघड आहे.

ते गेल्यापासून डबा मी कधी वाजवला नाही. तो फळीवर वरच होता. काल खाली काढला, चिंच लावून घासला. झाकणाला एक पोचा आहे, बोट नेहमी तिथेच पडायचं.

होळीला चंचलला घेऊन ये. गाडीने उधना स्टेशन सोडलं की सामान आवरा. डबा तू वाजव, तुला जमतं.

या वेळी मी समोर बसणार आहे.

मंगला